सुधारणा, दुरुस्ती आणि फेरबदल

मराठी गद्यात गेल्या दीडशे वर्षांत ज्या शब्दांवर सर्वाधिक ओझे लादले गेले, त्यांत ‘सुधारणा’ या शब्दाचा क्रमांक बराच वर लागेल. समाजाची सुधारणा, शेतीतील सुधारणा, प्रकृतीतील सुधारणा, कायद्याची सुधारणा, वेतनश्रेणीची सुधारणा, नावाच्या स्पेलिंगमधील सुधारणा, अशा सर्व ठिकाणी आपण हा एकच शब्द निर्धास्तपणे योजतो. इंग्रजी लिहिणारा मनुष्य याच जागी रिफॉर्म, इम्प्रूव्हमेंट, अमेंडमेंट, रिव्हिजन आणि करेक्शन असे निदान पाच निरनिराळे शब्द वापरतो. त्यांतून निवड करताना तोही अडखळतो. परंतु निवड करावयाची आहे, हे त्याला ठाऊक असते. आपल्याकडे ती निवड करावी लागते याचेच विस्मरण झाले आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. या शब्दांतील भेद शोभेचा नाही. त्यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द, मूळची वस्तू कशी होती याविषयी एक निवाडा देतो. सर्वत्र ‘सुधारणा’ म्हटले की तो निवाडा आपल्या नकळत होऊन जातो, आणि बहुधा बदल करणाऱ्याच्याच बाजूने होतो. बेळगाव-निपाणी भागातील आपल्यासारख्या कुटुंबांना सरकारी कागद कन्नड, इंग्रजी आणि मराठी अशा तीन वाटांनी वाचावा लागतो. तेव्हा हा प्रश्न केवळ शैलीचा न राहता हक्काचाही होतो.

प्रथम इंग्रजी शब्द पाहू. ‘करेक्ट’ म्हणजे चूक होती, ती सरळ केली. ‘रेक्टिफाय’ त्याच्या शेजारचा. तोही चुकीची कबुली गृहीत धरतो. ‘अमेंड’च्या मुळाशी लॅटिन भाषेतील दोष काढून टाकण्याची कल्पना आहे. ‘रिव्हाइज’ म्हणजे पुन्हा पाहणे. पाहून झाल्यावर वाढविले की घटविले, हे तो शब्द सांगत नाही. ‘रिफॉर्म’ म्हणजे नव्याने घडविणे. जुनी घडणच सदोष होती, असा त्यात आरोप आहे. ‘इम्प्रूव्ह’चा इतिहास मौजेचा आहे. तो जुन्या फ्रेंचमधील नफा या अर्थाच्या शब्दावरून आला आणि इंग्लंडमध्ये आरंभी जमीन फायद्यात आणण्यासंबंधी रूढ झाला. ‘चांगले करणे’ हा व्यापक अर्थ मागाहूनचा. ‘एनहान्स’ म्हणजे वर उचलणे. न्यायालयात नुकसानभरपाई एनहान्स होते तशी आरोपीची शिक्षाही एनहान्स होते. ‘अमेलिअरेट’ हा शब्द हलाखी, दारिद्र्य, पीडा यांच्यासाठी राखलेला असतो. मुळात बऱ्या असलेल्या वस्तूला तो लावीत नाहीत.

या शब्दांकडे पाहिले म्हणजे तीन प्रश्न हाती येतात. पूर्वी चूक होती काय? चूक नव्हती, पण वस्तू पूर्वीपेक्षा अधिक चांगली झाली काय? की ती केवळ बदलली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर मराठीत ‘दुरुस्ती’ आहे. दुसऱ्याला ‘सुधारणा’ शोभते. तिसऱ्याला ‘बदल’, ‘फेरबदल’, ‘फेररचना’ हे शब्द आहेत. म्हणजे शब्दांची वाण नाही. एका शब्दाने इतरांच्या जागा बळकावल्या आहेत, ही खरी अडचण आहे.

हे कसे घडले, याला इतिहास आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ सालची; कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप १८६३ साली प्रसिद्ध करणारे बाबा पदमनजी हे तर १८३१ साली बेळगावात जन्मलेले. ‘यमुनापर्यटन’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, परंतु इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द ठेवण्याचे जोखमीचे काम ज्यांनी आरंभी केले, त्यांतही आपल्या गावचा हा माणूस होता, याचे स्मरण फारसे राहिलेले नाही. कोशकार एका शब्दापुढे अनेक प्रतिशब्द मांडून ठेवतो. त्यांतून कोणता उचलावयाचा हे मात्र लिहिणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.

‘सुधारणा’ शब्दाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत. न्या. रानडे यांच्या पुढाकाराने १८८७ साली सामाजिक परिषद सुरू झाली. १८८८ साली गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. त्याची मराठी बाजू आगरकर सांभाळीत आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले. पत्र द्विभाषी असल्याने येथे ‘सुधारणा’ आणि ‘रिफॉर्म’ यांचा संसार एकाच छपराखाली झाला. आगरकरांच्या लेखणीत त्या शब्दाला धार होती, कारण त्यात आरोप होता. विवाहाची रूढी, केशवपनाची चाल यांची घडणच अन्यायाची आहे आणि ती मोडून नवी घडविली पाहिजे, असा तो आरोप. त्या शब्दाने लोक चिडत, आणि तो खरा असल्याची खूण तीच होती. १८९७ साली अमरावतीच्या सामाजिक परिषदेत रानड्यांनी ‘रिफॉर्म’ आणि ‘रिव्हायव्हल’ या दोन शब्दांतला भेद उलगडून दाखविला. जुने पुन्हा जिवंत करावयाचे तर नेमक्या कोणत्या काळातले, हा त्यांचा प्रश्न होता. एवढ्या मोठ्या वादाचा सांधा दोन शब्दांच्या निवडीवर फिरला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे राज्यकर्त्यांनी दिलेल्या राजकीय हक्कांच्या हप्त्यांनाही हाच शब्द लागला. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणा, १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा. येथे शब्दाची बाजू पालटली. आगरकरांची सुधारणा आपली आपल्याकडून मागणी होती. ही सुधारणा वरून खाली येणारी देणगी होती. या दोन तारखांच्या मधोमध, १९१६ च्या एप्रिलमध्ये, टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना बेळगावात झाली, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्या चळवळीचे मागणे कारभार सुधारून द्या असे नव्हते, कारभार आमच्या हाती द्या असे होते. ‘सुराज्य’ आणि ‘स्वराज्य’ यांत एका अक्षराचे अंतर. पण पहिले इम्प्रूव्हमेंटच्या जातीचे आणि दुसरे तिच्या पलीकडचे.

दलित वर्गाच्या चळवळीतही शब्दांची ही निवड जाणीवपूर्वक झालेली दिसते. ‘उद्धार’ म्हटले की एक खाली पडलेला आणि दुसरा हात देणारा असे चित्र उभे राहते. जमखंडीत जन्मलेल्या विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली स्थापिलेल्या मिशनच्या मराठी नावात ‘साह्यकारी’ हा शब्द होता. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली सभा स्थापन केली ती ‘बहिष्कृत हितकारिणी’. पुढच्याच वर्षी निपाणीस भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. उद्धार, साह्य, हित या तीन शब्दांत देणाऱ्याची जागा उतरत जाते आणि ज्याचे भले व्हावयाचे त्याची जागा वर येते. एक सरसकट ‘सुधारणा’ या क्रमाचा मागमूसही लागू देणार नाही.

आता कचेरीकडे वळू. शासकीय सेवेत असताना तिन्ही भाषांतील कागद माझ्या हाताखालून गेले, आणि या शब्दाचे सर्वांत मोठे नुकसान तेथे झाले असे माझे मत आहे. महाराष्ट्राच्या विधिपरिभाषेत ‘अमेंडमेंट’ला ‘सुधारणा’ हा शब्द ठरला. भारतीय संविधानाच्या अधिकृत मराठी पाठात ‘संविधान (बेचाळिसावी सुधारणा) अधिनियम, १९७६’ असे छापलेले असते. वृत्तपत्रांनी मात्र ‘घटनादुरुस्ती’ हा शब्द चालविला आणि लोकांनी तो उचलला. वरवर पाहता वाद क्षुल्लक वाटेल. पण बेचाळिसाव्या बदलाने जे केले, त्यातील बराच भाग १९७८ सालच्या चव्वेचाळिसाव्याने पुसून टाकला. एकाने केलेले दुसऱ्याने मोडले आणि दोन्हींचे नाव ‘सुधारणा’! दोन्ही गोष्टी एकाच वेळी ‘चांगले करणे’ कशा ठरतील? येथे शब्दाने निवाडा आधीच देऊन टाकला, आणि नागरिकाने विचार करण्याजोगे काही उरू दिले नाही.

‘दुरुस्ती’ तरी पूर्ण निर्दोष आहे काय? तीही नाही. दुरुस्ती म्हटले की आधी मोडतोड होती असे होते. संविधानात बदल करण्याचा अधिकार देणारा अनुच्छेद ३६८, १९७१ च्या फेरबदलानंतर, भर घालणे, बदलणे किंवा निरसित करणे या तीन कृती सांगतो. त्यात चांगले-वाईट काही नाही. कायद्याच्या मूळ भाषेने जे तारतम्य पाळले, ते आपल्या प्रतिशब्दाने घालविले. अधिनियमाच्या नावात रूढ झालेला शब्द आता बदलणार नाही, हे मी जाणतो. पण आपण लेख लिहिताना, भाषण करताना, ‘या अधिनियमाने अमुक बदल केला’ एवढे म्हणण्यास कोणी अडविलेले नाही.

आपल्यासाठी यात एक जिव्हाळ्याचे उदाहरण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या पुनर्रचनेला अनुरूप असे फेरफार संविधानात करणारा अधिनियम म्हणजे सातवी सुधारणा. तिच्यानेच अनुच्छेद ३५० क आणि ३५० ख संविधानात आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, हा पहिला. त्यांच्या संरक्षक उपायांची चौकशी करण्यासाठी विशेष अधिकारी नेमावा, हा दुसरा. जो कायदा आपल्याला सीमेच्या या बाजूस ठेवून गेला, त्यानेच आपल्या मुलांच्या शाळेचा आधारही दिला. याला सुधारणा म्हणावे, दुरुस्ती म्हणावे, की फेररचना? प्रत्येक घरात निराळे उत्तर मिळेल. ‘सातवी सुधारणा’ हे नाव ते उत्तर शोधण्याची गरजच संपविते.

शेजारच्या भाषांनी हीच जमीन निराळ्या बांधांनी विभागली आहे. कन्नडमध्ये रिफॉर्मला ‘सुधारणे’ आणि अमेंडमेंटला ‘तिद्दुपडी’. रेशन कार्डातील नाव नीट करावयाचे तरी तिद्दुपडी, आणि विधानसभेत मांडलेल्या विधेयकातही तिद्दुपडी. ‘तिद्दु’ या धातूला चूक काढण्याबरोबर अक्षरे गिरविण्याचाही अर्थ आहे. लहान मूल पाटीवर अक्षरावरून हात फिरविते तो अर्थ. कायद्याच्या बदलाकडे इतक्या नम्रपणे पाहणारा शब्द मला अन्यत्र आढळला नाही. हिंदीत अमेंडमेंट म्हणजे ‘संशोधन’. आपल्याकडे आणि कन्नडमध्ये संशोधन म्हणजे नवा शोध. हिंदी पाटी वाचून मराठी माणूस फसतो तो येथे.

यांतील फरक एका कायद्यावरून स्पष्ट होईल. कर्नाटकाचा भूसुधारणा कायदा १९६१ चा. तो १९६५ मध्ये अमलात आला. त्यातील मोठा बदल १ मार्च १९७४ पासून लागू झाला. कुळांच्या वहिवाटीतील जमिनी सरकारकडे निहित झाल्या, आणि नमुना ७ भरून न्यायमंडळापुढे कुळांना आपला हक्क मागता आला. पुढे २०२० च्या बदलाने बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्यावर बंधन घालणारी कलमे वगळण्यात आली. कन्नडमध्ये पहिली ‘सुधारणे’ आणि पुढच्या दोन्ही ‘तिद्दुपडी’. मराठी विधिपरिभाषेने जावे तर हे ‘जमीन सुधारणा (सुधारणा) अधिनियम’ असे लिहावे लागेल, आणि वाचणाऱ्यास आपली दृष्टी सुधारून घेण्याची वेळ येईल. आपल्या खेड्यांतील लोक यास साधेपणाने ‘कुळकायदा’ म्हणत आले. मुंबई राज्यातील १९४८ च्या कायद्यापासूनचे हे नाव. ते कोणाचा कायदा हे सांगते, चांगला की वाईट हे सांगत नाही. एकाच गल्लीत वतनदाराचे घर होते आणि कुळाचेही. एका घरातून जमीन गेली, दुसऱ्या घरात आली. न्याय कोणत्या बाजूस होता याविषयी माझे मत कुळाकडे झुकते. पण ते मत मी वाक्यात मांडावे, शब्दाच्या पोटात लपवू नये.

‘सुधारित’ या विशेषणाची कथा अधिकच विनोदी आहे. इंग्रजीतील ‘रिव्हाइज्ड’ला हा प्रतिशब्द. बसचे भाडे वाढले की सूचनाफलकावर ‘सुधारित दर’ झळकतात. दर कोणाच्या दृष्टीने सुधारले? अंदाजपत्रकात ‘सुधारित अंदाज’ असतो. एखाद्या योजनेची तरतूद निम्म्यावर आली तरी तिचे नाव तेच. वेतनश्रेणी ‘सुधारित’ होते तेव्हा मात्र आम्हा नोकरदारांची तक्रार नसते, हेही मान्य केले पाहिजे. कन्नडमध्ये येथे ‘परिष्कृत’ म्हणतात. त्यातही स्तुती आहेच. म्हणजे हा दोष एकट्या मराठीचा नाही, सरकारी लेखणीचा आहे. ‘वाढीव दर’, ‘कमी केलेली तरतूद’, ‘फेरअंदाज’ असे लिहिले असते तर काय बिघडले असते? वृत्तपत्रे ‘वाढीव नुकसानभरपाई’ म्हणतातच ना! तेथे ‘एनहान्स्ड’ला अगदी नेमका आणि प्रामाणिक शब्द सापडलेला आहे. जुन्या महसुली दप्तरातील ‘फेरफार’ हा शब्दही असाच. जमिनीचा धनी बदलला, एवढेच तो सांगतो.

आता ज्यामुळे हा विषय मला महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा. आपल्या जुन्या घराण्यांत आजोबांच्या नावाचा कागद मोडीत असतो, वडिलांचा बाळबोधीत, आपला रोमन लिपीत आणि नातवाचा कन्नडमध्ये. ‘काळे’ हे आडनाव रोमन लिपीतून कन्नडमध्ये जाताना ‘काले’ किंवा ‘कळे’ होऊ शकते, कारण रोमन लिपी ‘ळ’ही दाखवीत नाही आणि काना आहे की नाही हेही सांगत नाही. मग तो मनुष्य अर्ज करतो. त्या अर्जाच्या शिरोभागी त्याने काय लिहावे? ‘नावात बदल’ असे लिहिले तर आधीचे नाव बरोबर होते आणि आता याला दुसरे हवे आहे, असा अर्थ होतो; पुराव्याचे ओझे त्याच्यावर पडते. ‘नावाची दुरुस्ती’ असे लिहिले तर नोंद चुकली होती, हे पहिल्याच ओळीत सांगितले जाते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ मध्येही चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीची स्वतंत्र तरतूद आहे. आपले दस्तलेखक येथे शहाणे आहेत. विक्रीपत्रात गट क्रमांक चुकला तर ते ‘चूकदुरुस्ती दस्त’ करतात, ‘सुधारणा दस्त’ करीत नाहीत. चूक झाली, ती दुरुस्त केली, हे दोन्ही भाग त्या नावात आहेत. ‘रेक्टिफिकेशन’साठी यापेक्षा चांगला शब्द कोणत्याही परिभाषा मंडळाला सुचला नसता.

शब्दांची ही समृद्धी घरात आणि शेतात मुळातच होती. पावसाळ्यापूर्वी कौलारू घर शाकारतात; ते सुधारीत नाहीत. तांब्याच्या भांड्याला कल्हई करतात, पाट्याला टाकी लावतात, शालीला रफू करतात, भिंतीची डागडुजी करतात, देवळाचा जीर्णोद्धार करतात, धड्याची उजळणी करतात, रानाची मशागत करतात, आंब्याला कलम बांधतात. यांतील प्रत्येक क्रियापद वस्तूचा नेमका काय उणेपणा होता आणि तो कशाने भरून निघाला, हे सांगते. टाकी लावणे म्हणजे गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरखरीत करणे. दुसरीकडे जो बिघाड ठरेल तो येथे उपचार ठरतो. निपाणीच्या रानात तंबाखूचा शेंडा खुडतात तो पाने भरावीत म्हणून. तेथे काढून टाकणे हीच वाढ असते. ज्या भाषेने इतके बारकावे राखले, तिने कचेरीत गेल्यावर एका शब्दावर गुजराण करावी, याचे नवल वाटते.

यावर एक आक्षेप येईल. शब्दाचा अर्थ रूढीने ठरतो. ‘सुधारणा’ म्हणजे आता नुसता बदल, हे सर्वांना समजते. मग हा काथ्याकूट कशाला? रूढीचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. परंतु शब्दाचा स्तुतीचा अंश झिजून गेला असता, तर दरवाढीला ‘सुधारित दर’ म्हणणे सोयीचेच वाटले नसते. तो अंश शिल्लक आहे म्हणून तर त्याचा उपयोग केला जातो. आणि तो अंश असाच खर्ची पडत राहिला, तर ज्या दिवशी आगरकरांच्या अर्थाने सुधारणा म्हणावयाची वेळ येईल, त्या दिवशी हाती शब्द नसेल.

म्हणून नवीन संस्कृत शब्द घडवावेत अशी माझी सूचना नाही. ‘पदनाम कोशा’च्या वेळी तो प्रयोग झाला आणि त्याची टिंगलही झाली. सूचना इतकीच की, हाताशी असलेले शब्द आपापल्या जागी बसवावेत. नोंद चुकली असेल तेथे दुरुस्ती. कायदा किंवा दर पालटला असेल तेथे बदल. आकडा चढला असेल तेथे वाढ, उतरला असेल तेथे घट. हलाखी थोडी सुसह्य झाली असेल तेथे दिलासा. सुधारणा हा शब्द राखून ठेवावा. घडण बदलली आहे आणि ती भल्यासाठी बदलली आहे, असे आपण विचार करून, आपल्या नावावर म्हणण्यास तयार असू, तेव्हाच तो वापरावा.